वाताचा इतिहास: ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्याआधी



या मालिकेत आजवर लढाया झाल्या, किल्ले झाले, तह आणि फितुरीही झाली. आज मी एका आजाराचा इतिहास सांगणार आहे. मी डॉक्टर नाही. मी पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी आहे, इतिहास घेऊन बी. ए. केलेला, आणि आता नोएडात राहतो. आमच्या पिढीचे बरेच लोक नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरीदाबाद इथल्या वृद्धनिवासांत राहायला लागले आहेत. मुलं परदेशी किंवा बंगळुरूला असतात. तिथे भेटीला जाताना एक गोष्ट वारंवार दिसली, आणि तिचं मूळ शोधता शोधता मी दोन हजार वर्षं मागे गेलो. त्या गोष्टीला डॉक्टर ‘डिलिरियम’ म्हणतात. आपल्या आजीच्या भाषेत तिला ‘वात होणं’ म्हणत.

आता काही प्रेक्षक म्हणतील, वात म्हणजे सांधेदुखी. तो वात वेगळा. ‘तापात वात झाला’, ‘वातात बरळतोय’ असं आपण लहानपणी ऐकलं आहे, तो हा वात.

शनिवारवाडा, १७९५

सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून करू. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांनी खर्ड्याला निजामाचा पराभव केला. गादीवर सवाई माधवराव होते, वय एकवीस. कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास पेशव्यांची प्रकृती बिघडली, अंगात ताप होता. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी ते शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले, कारंज्याच्या नळीने जखमी झाले आणि दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, वारले. पुढे गादी दुसऱ्या बाजीरावाकडे गेली, आणि त्यानंतर काय झालं ते आपण याच मालिकेत पाहिलं आहे.

पेशवे पडले की त्यांनी उडी घेतली? ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात लिहिलं की त्यांनी जाणूनबुजून स्वतःला खाली झोकून दिलं. नानांच्या धाकाला कंटाळून, असा त्याचा रोख. नंतर मराठीत दुसरा पक्ष उभा राहिला: ताप होता, भ्रम झाला होता, त्या अवस्थेत तोल गेला. हा वाद मी आज सोडवणार नाही. मला त्यातली एकच बाब दाखवायची आहे. या प्रसंगावर बोलताना ‘ताप होता, म्हणून डोकं ठिकाणावर नव्हतं’ हे कारण लोकांना सहज सुचलं, आणि ऐकणाऱ्यांना ते सहज पटलं. एकवीस वर्षांचा मुलगा तापात भ्रमिष्टासारखा वागला तर तो वेडा झाला असं कोणी म्हणत नसे. शरीर आजारी आहे, त्याचा ताण डोक्यावर आला, हे सगळ्यांना कळत होतं.

आज एकवीसच्या जागी एक्याऐंशी वय असेल, तर आपण हे विसरतो.

तास सोडलेला बैल

‘डिलिरियम’ हा शब्द लॅटिन आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने वैद्यकावर ग्रंथ लिहिला, त्यात तो येतो. ‘लिरा’ म्हणजे नांगराने पडलेली रेघ. आपल्याकडे शेतकरी तिला तास म्हणतो. डिलिरियम म्हणजे तास सोडून जाणं. ज्याने नांगर धरला आहे त्याला याचा अर्थ वेगळा समजवायला नको. बैल तोच, नांगर तोच, शेतही तेच असतं. काहीतरी बिथरलं आणि बैलाने तास सोडला. कारण सापडलं, की तो पुन्हा तासावर येऊ शकतो.

सेल्ससच्याही आधी, सुमारे इ. स. पूर्व ४०० च्या काळात, ग्रीसमधल्या हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी या अवस्थेची दोन रूपं नोंदवली होती. एकाला ते ‘फ्रेनायटिस’ म्हणत: ताप, बडबड, धडपड, झोप नाही. दुसऱ्याला ‘लेथार्गस’: रोगी सुस्त, गप्प, हाक मारली तर उशिरा उत्तर. त्याच परंपरेतल्या ग्रंथात आणखी एक खूण दिली आहे. तीव्र आजारात रोगी हाताने हवेत काहीतरी पकडायला बघतो, पांघरुणाचे धागे उपटतो, तेव्हा ते लक्षण वाईट समजावं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकाही ‘चादर चिवडायला लागला’ की एकमेकींकडे बघत. ग्रीक ग्रंथ कोणी वाचला नव्हता, पण निरीक्षण तेच होतं.

आपल्याकडे आयुर्वेदात याचं नाव सन्निपात ज्वर. तिन्ही दोष एकदम बिघडलेला ताप. चरकसंहितेत त्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. प्रलाप म्हणजे बरळणं, भ्रम, आणि तंद्रा म्हणजे गुंगी, ही त्यातली लक्षणं. सुमारे सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर एक तपशील असा आहे की तो वाचून मी थांबलो. रोगी दिवसा गाढ झोपतो आणि रात्री जागतो, किंवा मध्येच गातो, हसतो, विचित्र हालचाली करतो. आजच्या पुस्तकातही डिलिरियमच्या वर्णनात दिवस-रात्र उलटीपालटी होणं हे ठळक लक्षण म्हणून येतं.

म्हणजे ग्रीस, रोम आणि भारत, तिन्ही ठिकाणच्या जाणत्यांनी तीन गोष्टी पाहून ठेवल्या होत्या. हे अचानक येतं. याची बडबडी आणि मुकी अशी दोन रूपं असतात. आणि मूळ दुखणं डोक्यात नसून बहुतेक वेळा शरीरात दुसरीकडे असतं.

बल्लीमारानमधलं आजारपण

चौथी गोष्ट दिल्लीच्या एका प्रसिद्ध आजारपणातून समजते. मिर्झा गालिब १५ फेब्रुवारी १८६९ रोजी जुन्या दिल्लीत, बल्लीमारान भागातल्या गली कासिम जानमध्ये वारले. वय एकाहत्तर. त्यांचे शिष्य अल्ताफ हुसेन हाली यांनी पुढे १८९७ मध्ये ‘यादगार-ए-गालिब’ हे चरित्र प्रसिद्ध केलं. त्यात शेवटच्या दिवसांची हकीकत आहे. गालिबना तासन्‌तास शुद्ध नसे, मग थोडा वेळ ते भानावर येत, पुन्हा गुंगीत जात. मृत्यूच्या आदल्या दिवशी हाली भेटायला गेले, तेव्हा ते नुकतेच शुद्धीवर आले होते आणि लोहारूच्या नवाबांच्या पत्राला उत्तर सांगत होते, तेही त्यांच्या नेहमीच्या खुसखुशीत ढंगात.

दीडशे वर्षांपूर्वीच्या रोग्याचं निदान आपण करायचं नाही. मला हालींची नजर महत्त्वाची वाटते. त्यांनी ‘बेशुद्ध होते’ एवढं लिहून सोडलं नाही. अवस्था खालीवर होत होती हे त्यांनी टिपलं. डिलिरियमची हीच खूण आहे. सकाळी दहा वाजता माणूस नीट बोलतो, संध्याकाळी मुलाला ओळखत नाही, रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून उठतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक. वृद्धनिवासात डॉक्टरची फेरी सकाळी दहाला असते. डॉक्टरला जे दिसतं ते ठीकच दिसतं.

सैन्यात आम्ही हे कसं शिकलो

पायदळात आम्हाला हा आजार दुसऱ्या वाटेने माहीत होतो. उंचीवर पोस्टिंग झालं की आरएमओ, म्हणजे पलटणीचा डॉक्टर, पहिलं लेक्चर देतो. तुमच्या शेजारचा जवान अचानक विसरभोळा झाला, चिडचिडा झाला, सरळ रेषेत चालू शकेना, किंवा नुसताच गप्प बसून राहिला, तर त्याला आळशी समजू नका. ताबडतोब कळवा आणि खाली उतरवा. प्राणवायू कमी पडून मेंदूला सूज येत असू शकते.

हे ज्ञान भारतीय सैन्याने मोठी किंमत देऊन मिळवलं. १९६२ च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातले जवान थेट हिमालयात चढवले गेले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीच्या आजाराने पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास केला आणि तो १९६९ साली अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. आजही जगभर त्याचा उल्लेख होतो.

उन्हाचंही तसंच. उष्माघातात जवान आधी बरळायला लागतो, मग कोसळतो. मे महिन्यात राजस्थानात सराव करताना जेसीओ मंडळी जवानांची चेष्टामस्करी ऐकत चालत, त्याचं कारण हेच. जो नीट उत्तर देत नाही त्याला आधी सावलीत घ्यायचं.

माझ्या डोक्यात त्यामुळे मेंदू म्हणजे पुढच्या चौकीवरचा संत्री, असं चित्र बसलं आहे. फुप्फुसात, मूत्रमार्गात, रक्तातल्या क्षारांत गडबड झाली की तो आधी हाक देतो. तरुणाच्या शरीरात राखीव कुमक भरपूर असते, म्हणून संत्री गडबडायला मोठा हल्ला लागतो: मुदतीचा ताप, उष्माघात, अठरा हजार फूट. ऐंशी-पंच्याऐंशीच्या माणसाकडे कुमक नसते. त्याला दोन दिवस पाणी कमी पडलं, शौचाला झालं नाही, लघवी तुंबली, एक नवी गोळी सुरू झाली, तरी पुरतं.

धोतरा आणि गोळ्यांचा डबा

गोळीवरून आठवलं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानच्या रस्त्यांवर वाटसरूंना धोतऱ्याचं बी खाऊ घालून लुटायचे. नॉर्मन चेव्हर्स या कंपनीच्या डॉक्टरने १८५६ मध्ये न्यायवैद्यकावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात धोतऱ्याच्या विषबाधेवर सविस्तर लिहिलं आहे. धोतरा पोटात गेलेला माणूस कोरड्या तोंडाने, विस्फारलेल्या बाहुल्यांनी, नसलेल्या माणसांशी बोलतो आणि हवेतले धागे उचलतो. म्हणजे हिपोक्रेटिसची तीच खूण.

धोतऱ्यात ॲट्रोपीन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात. मेंदूत लक्ष टिकवून ठेवायला मदत करणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन आहे, त्याचं काम ती अडवतात. आता आपल्या घरातला औषधांचा डबा उघडा. खाज आणि सर्दीवरची ॲव्हिलसारखी जुनी गोळी, लघवी रोखून धरण्याच्या काही गोळ्या, झोप यावी म्हणून दिलेली काही ॲलर्जीची औषधं, ही त्याच वाटेने काम करतात. तरुणाला नुसती सुस्ती येते. अशक्त म्हाताऱ्या माणसाला यातून वात होऊ शकतो. गोळ्या फेकून द्या असं मी म्हणत नाही. अचानक बदल दिसला की गेल्या दोन आठवड्यांत कोणती गोळी नवी सुरू झाली किंवा कोणती एकदम बंद झाली, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. झोपेच्या गोळ्या किंवा दारू एकदम बंद झाल्यानेही असं होतं.

आपण हे विसरलो कसे

इतकं जुनं ज्ञान हरवलं कसं, हा आता खरा ऐतिहासिक प्रश्न.

माझं उत्तर असं. आपल्या आजोबांच्या काळात वात पाहायला मिळायचा तो तापात. टायफॉइड म्हणजे मुदतीचा ताप, तीन आठवड्यांचा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोगी पुटपुटायला लागे, आणि घरातलं प्रत्येक मूल ते दृश्य बघत मोठं होई. मग पेनिसिलीन आलं, १९४८ पासून टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल आलं. तीन आठवड्यांचा ताप पाच-सात दिवसांवर आला. तरुण माणसाला वात होणं घराघरातून नाहीसं झालं, आणि त्याच्याबरोबर तो शब्दही गेला.

दुसरीकडे आपण जास्त जगायला लागलो. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आता ते सत्तरच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरचे दहा कोटींहून अधिक लोक मोजले गेले. आजार तोच राहिला, फक्त त्याचं वय बदललं. तापलेल्या तरुणाकडून तो थंड अंगाच्या म्हाताऱ्याकडे गेला. आणि म्हाताऱ्यासाठी आपल्याकडे आधीच एक म्हण तयार होती: साठी बुद्धी नाठी. आता तिच्या जोडीला ‘डिमेन्शिया’ हा इंग्रजी शब्दही आला.

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. डिलिरियम तासा-दिवसांत येतो. डिमेन्शिया असलेल्या माणसाला डिलिरियम जास्त सहज होतो, आणि फसगत तिथेच होते. ‘त्यांना आधीपासूनच आहे’ म्हणून कोणी बघत नाही.

डॉक्टरांनाही हे पुन्हा शिकावं लागलं. १९५९ साली एंगेल आणि रोमानो या दोन अमेरिकन डॉक्टरांनी डिलिरियम म्हणजे मेंदूचं काम तात्पुरतं कमी पडणं, अशी मांडणी केली. हृदय कमी पडतं, मूत्रपिंड कमी पडतं, तसंच हे. मेंदूच्या विद्युत आलेखात लहरी मंदावलेल्या दिसतात हे त्यांनी दाखवलं, आणि आपले सहकारी डॉक्टर याकडे दुर्लक्ष करतात अशी तक्रारही केली. १९९० मध्ये शॅरन इनूये यांनी चार मुद्द्यांची साधी कसोटी प्रसिद्ध केली: बदल अचानक आला आणि खालीवर होतो का, लक्ष टिकतं का, बोलणं विस्कळीत आहे का, माणूस गुंगीत किंवा नको इतका जागा आहे का. पहिल्या दोन्ही गोष्टी असतील आणि उरलेल्या दोनपैकी एक असेल, तर डिलिरियम समजावा.

हिपोक्रेटिस, वाग्भट आणि हाली यांनी जे पाहिलं होतं, ते सगळं या चार मुद्द्यांत आहे.

भारतात वृद्धांच्या वैद्यकाचं एम. डी. शिक्षण १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये सुरू झालं. आज दिल्लीच्या एम्समध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. पण वृद्धनिवासात रात्री दोन वाजता पलंगाशेजारी एम. डी. नसतो. तिथे एजन्सीने पाठवलेला पंचवीस वर्षांचा अटेंडंट असतो.

गुरुग्राममधली खोली

एक अनुभव सांगतो. गुरुग्रामच्या एका निवासात माझे एक जुने सुभेदार साहेब राहत होते. वय चौऱ्याऐंशी, मराठा लाइट इन्फंट्रीचे. मी महिन्यातून एकदा जात असे. एका फेरीला अटेंडंट मुलगा कौतुकाने म्हणाला, “सर, अंकल जी दो दिन से बहुत शांत हैं. बिल्कुल परेशान नहीं करते.”

साहेब उशीला टेकून बसले होते, पांघरुणाच्या काठाशी बोटं चाळवत. मी “जय हिंद, साहेब” म्हटलं. एरवी या शब्दांना तोफेसारखं उत्तर यायचं. या वेळी ते बराच वेळ बघत राहिले आणि मराठीत हळूच म्हणाले, “कोतची चावी कोणाकडे दिली?” कोत म्हणजे शस्त्रागार. मी विचारलं, “साहेब, आपण कुठे आहोत?” म्हणाले, “बेळगाव. पाऊस थांबला का?” बाहेर नोव्हेंबरमधला धूर होता.

मुलाला मी विचारलं, हे असं कधीपासून बोलताहेत? तो म्हणाला, “वो तो अपनी भाषा में बोलते हैं, सर.” त्याचा दोष नव्हता. तो झारखंडचा, महिनाभरापूर्वी आलेला. आजारपणात साहेबांची हिंदी आधी गेली आणि मराठी उरली. त्या मराठीचा तास सुटला आहे हे त्या इमारतीत कोणाला कळणार?

मी म्हटलं, वारांची नावं उलटी म्हणा, साहेब. शनिवार, शुक्रवार... आणि ते तिथेच अडकले. गेल्या महिन्यात त्यांनी मला कंपनीतल्या हवालदारांची नावं ओळीने सांगितली होती. मी त्यांच्या मुलीला फोन केला, आणि त्याच दिवशी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. अंगात ताप नव्हता, खोकलाही फार नव्हता, पण न्यूमोनिया होता, प्राणवायू कमी होता, शरीरात पाणी कमी होतं, आणि दहा दिवसांपासून खाजेची गोळी सुरू होती. साहेब वाचले. पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले, आणि चालणं पहिल्यासारखं काही झालं नाही.

दंगा करणारा रोगी लवकर दिसतो. मुका रोगी ‘चांगला’ म्हणून मागे राहतो. ग्रीकांचा तो ‘लेथार्गस’ आज एनसीआरच्या वातानुकूलित खोलीत असा पडून असतो. ताप नसणं ही खात्री नव्हे. कोविडच्या वेळी, २०२० साली, अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून पासष्टीच्या वरचे ८१७ कोविड रुग्ण पाहिले गेले. त्यांतल्या २८ टक्क्यांना येतानाच डिलिरियम होता, आणि अशा रुग्णांपैकी ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप यांसारखं नेहमीचं एकही लक्षण नव्हतं.

आता दंगा करणाऱ्याचं काय होतं तेही पाहू. जून २०२५ मध्ये नोएडातल्या एका वृद्धाश्रमावर सरकारी पथकाने छापा घातला. हात बांधलेल्या वृद्धेचं चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. त्या बाईंना डिलिरियम होता असं मी म्हणत नाही. पण रात्री धडपडणाऱ्या माणसाला बांधून ठेवणं ही सवय जुनी आहे, आणि ती करणाऱ्याला वाटतं, आपण त्याला पडण्यापासून वाचवतो आहोत. १९९६ मध्ये इनूये आणि शार्पेन्टिए यांनी रुग्णालयातल्या वृद्धांना डिलिरियम कशाने होतो याचा अभ्यास छापला. पाच कारणं निघाली: बांधून ठेवणं, कुपोषण, तीनपेक्षा जास्त नवी औषधं एकदम सुरू होणं, लघवीची नळी, आणि उपचारांतूनच झालेली एखादी इजा. पहिलंच नाव पाहा. बांधल्याने वात आवरत नाही, वाढतो.

एनसीआरमध्ये चार राज्यांचा भाग येतो: दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान. एक रस्ता ओलांडला की दुसरं सरकार. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचं निवासस्थान असावं, असं त्यात म्हटलं आहे. खाटा मोजायची सोय कायद्याने केली. रात्रीच्या अटेंडंटला काय ठाऊक असावं, हे अजून आपल्यालाच विचारावं लागतं.

जुनं शहाणपण, नवा पुरावा

आनंदाची गोष्ट अशी की यातलं बरंच टाळता येतं, आणि त्याला यंत्रं लागत नाहीत. १९९९ साली इनूये यांच्याच चमूने येल विद्यापीठाच्या रुग्णालयात सत्तरीच्या वरच्या ८५२ रुग्णांवर प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्या गटाशी दिवसातून काही वेळा बोलणं, तारीख-वार सांगणं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून देणं, पाणी पाजणं, उठवून चालवणं, रात्री गोळीऐवजी गरम पेय आणि पाठ चोळून देणं. पहिल्या गटात १५ टक्के लोकांना डिलिरियम झाला, दुसऱ्यात ९.९ टक्के. आपल्या घरातल्या आत्या-मावश्या आजाऱ्याच्या उशाशी बसून जे करत, ते आणि हे यात फार फरक नाही.

तुमचे आई-वडील अशा निवासात असतील, तर सैन्यातली एक पद्धत उचला. चौकी सोडताना जुना अधिकारी नव्याला लेखी चार्ज देतो: काय आहे, कुठे आहे, नेहमीची स्थिती कशी असते. तसा एक कागद हिंदीत लिहून खोलीत लावा. बाबा एरवी किती बोलतात, कोणत्या भाषेत, पेपर वाचतात का, स्वतः चालतात का, चष्मा आणि कानाचं यंत्र कुठे असतं, कोणत्या नावाने हाक मारली की ‘ओ’ देतात. खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ: यातलं काहीही एक-दोन दिवसांत बदललं, तर याच नंबरवर फोन करा, ते शांत झाले असले तरीही.

रोज दोन मिनिटं फोनवर किंवा व्हिडिओवर मराठीत बोला. दूर असलात तरी हे काम तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही. बदल वाटला तर वार उलटे म्हणायला सांगा. अडखळले, मध्येच सोडून दिलं, तर अटेंडंटला विचारा: पाणी किती प्यायले, लघवी-शौच झाली का, कुठे दुखतंय का, नवी गोळी कोणती, साखर आणि ऑक्सिजन किती. आणि डॉक्टरला फोन करताना ‘बाबा विसरायला लागलेत’ असं म्हणू नका. ‘परवापर्यंत ठीक होते, कालपासून बदलले’ असं म्हणा. या वाक्याने डॉक्टर उठून बसतो, पहिल्याने नाही.

१७९५ साली पेशव्यांच्या भोवती वैद्य होते, कारभारी होते, पहारा होता, तरी खिडकीजवळ जाणाऱ्या तरुणाला कोणाला थांबवता आलं नाही. आपल्याकडे त्यांच्याहून जास्त औषधं आहेत, तपासण्या आहेत. ‘हा माणूस काल असा नव्हता’ हे सांगणारं कोणीतरी मात्र तेव्हाही लागत होतं आणि आजही लागतं.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेवर, पानिपतच्या मोहिमेतल्या रसदीच्या प्रश्नाकडे वळू. तोपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांशी दोन मिनिटं बोलून घ्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र.